चौसष्ट घरांची ज्वारी: वीस अंकी संख्या वहीवर कशी उलगडावी

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत. गोष्टीत बहुधा गहू असतो. आम्हा बेळगावकरांची भाकरी ज्वारीची, म्हणून ज्वारी घेऊ. खानापूरकडच्यांनी खुशाल भात घ्यावा, हिशेब तोच. एकूण दाणे:

18446744073709551615

हे एक्सेलमध्ये करू नका. तो पंधरा अंक धरतो आणि पुढे शून्यं ठेवून मोकळा होतो. वही-पेन्सिल पुरे.

आधी अंदाज घ्या. 1 + 2 + 4 = 7, म्हणजे पुढच्या घरातल्या 8 पेक्षा एक कमी. हे कुठल्याही घराला लागू पडतं, त्यामुळे आपली संख्या 2 चा 64 वा घात वजा 1. दहा वेळा दुप्पट केली की 1024, म्हणजे हजाराला थोडं वर. साठ वेळा केली की एकावर अठरा शून्यं आणि थोडं वर. राहिलेल्या चार दुपटींचे 16. म्हणजे वीस अंक. जुळलं.

मग वाचून बघा. उजवीकडून तीन अंक सोडा, पुढे दोन-दोनची जोडी: 1,84,46,74,40,73,70,95,51,615. बाजारात कुणी कानडीत हत्तु, नूरु, साविर म्हणत मोजतो, कुणी मराठीत दहा, शंभर, हजार. लाख-कोटीला पोचेपर्यंत दोघांची बोली एक झालेली असते. त्यापुढे गाडी अडते. भास्कराचार्यांनी 1150 मधल्या ‘लीलावती’त परार्धापर्यंत नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली ज्वारी 184 परार्धांच्या वर जाते.

आता भाग जातो का ते पाहू. शेवटी 5, म्हणजे 5 ने जातो. अंकांची बेरीज 87, म्हणजे 3 ने जातो, 9 ने नाही.

खरी मजा अवयव पाडण्यात आहे. शाळेतलं सूत्र आठवा: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची वजाबाकी गुणिले बेरीज. 64 व्या घाताचे दोन तुकडे होतात: 32 वा घात वजा 1 आणि 32 वा घात अधिक 1. वजावाला तुकडा पुन्हा फोडा, आणि असंच खाली 1 पर्यंत या. हाती येतात 3, 5, 17, 257, 65537 आणि 4294967297.

सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं, या जातीच्या (2 चा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग असं करत शेवटी 1 मिळवलेल्या) सगळ्याच संख्या मूळ असणार. पहिल्या पाच आहेतही. सहावीला 641 ने भाग जातो, हे ऑयलर या स्विस गणितज्ञाने 1732 मध्ये दाखवलं. दहा अंकी भागाकार न करता आपल्यालाही ते पडताळता येतं, फक्त बाकी सांभाळायची.

2 चा 8 वा घात 256, त्याचा वर्ग 65536. याला 641 ने भागा: 641 × 102 = 65382, बाकी 154. आता 65536 चा वर्ग करत बसू नका, बाकीचाच करा: 154 × 154 = 23716. 641 × 36 = 23076, बाकी 640. म्हणजे 32 व्या घाताची बाकी 640. त्यात तो अधिकचा 1 मिळवा, झाले 641. नि:शेष! मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा भागाकार चुकला असं वाटून मी तीनदा केला होता.

दुसरा अवयव 6700417, तोही मूळ. सगळी माळ अशी:

3 × 5 × 17 × 257 × 641 × 65537 × 6700417

शेवटी वजन. घरच्या काट्यावर हजार दाणे ठेवून बघा. 30 ग्रॅम धरले तर सगळी ज्वारी सुमारे साडेपाच लाख कोटी क्विंटल भरते. रविवार पेठेतल्या एका अडत्याला हा आकडा सांगितला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला नि म्हणाला, “देऊया की. पण बारदान कुणाचं?”