रेझिन बाउंड पेव्हिंगसाठी योग्य पाया कसा निवडावा

रेझिन बाउंड पेव्हिंगचा वरचा थर जेमतेम १५ ते १८ मिमी जाडीचा असतो. धुऊन सुकवलेली बारीक खडी पॉलियुरेथेन रेझिनमध्ये घोळवून थापीने पसरतात. दाण्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी खाली झिरपतं. पण भार पेलायची ताकद या थरात नाही. गाडीचं वजन, जमिनीची हालचाल, पाण्याचा निचरा हे सगळं पायानेच सांभाळायचं असतं. भेग पडली की रेझिनला दोष दिला जातो. उकरून पाहिलं तर बहुतेक वेळा ती भेग खालून वर आलेली दिसते.

म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा: पाणी कुठे जाणार, आणि वरून काय जाणार, माणसं की गाड्या.

पाणी जागीच जमिनीत मुरवायचं असेल तर ओपन ग्रेडेड डांबराचा, म्हणजे पाणी झिरपेल अशा पोकळ्या ठेवलेल्या सच्छिद्र डांबराचा थर हा सर्वांत भरवशाचा पाया. नव्या कामाला आमची पहिली पसंती यालाच. पायवाटेला ५० मिमी, मोटारींसाठी ७० मिमी जाडी धरा. त्याखाली कच काढून टाकलेली, ४ ते २० मिमीची, कोनदार फोडलेली खडी: पायवाटेला १०० मिमी, मोटारींना १५० मिमी. गोल गोटे वापरू नका. ते एकमेकांत अडकत नाहीत, दाब आला की सरकतात. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरा, नाहीतर काही पावसाळ्यांत माती वर चढून खडीतल्या पोकळ्या बुजवते.

म्हणजे मोटारीच्या जागेसाठी १८ अधिक ७० अधिक १५०, साधारण २४० मिमी खोदाई. ४० चौरस मीटर जागा असेल तर दाबलेली खडी ६ घनमीटर लागते. सुटी खडी दाबल्यावर बसते, म्हणून ७ घनमीटर मागवा. डांबरी मिश्रण साडेपाच टनांच्या आसपास लागेल. चिकण माती असेल किंवा टाच रुतत असेल तर खडीचा थर २२५ मिमी किंवा अधिक घ्या. चिकण मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे तळाशी सच्छिद्र पाइप टाकून ते बाहेर काढण्याची सोयही करावी लागते. खडी एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा भाग दबतो. ७५ ते १०० मिमीचे थर करून प्रत्येक थर वेगळा दाबा.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सच्छिद्र डांबराखाली कच मिसळलेली नेहमीची खडी टाकणं. ती घट्ट बसते, दिसायला उत्तम दिसते, पण पाणी तिच्यावरच साचतं आणि डांबर कायम ओल्यात राहतं. दुसरी चूक जास्त रोलिंगची: व्हायब्रेशन लावून पुन्हा पुन्हा रोलर फिरवला की पोकळ्या चिरडल्या जातात. आणि बांधकाम चालू असताना या डांबरावरून चिखलाच्या गाड्या अजिबात नेऊ नका. एकदा गाळ आत गेला की तो धुऊन निघत नाही.

नव्या डांबरावर लगेच रेझिन टाकायचं नसतं. त्यातली हलकी तेलं उडून जायला ७ ते १४ दिवस द्या. घाई केली तर चिकटपणा कमी पडतो आणि फिक्या रंगाच्या खडीवर डाग उमटतात.

काँक्रीट पक्कं असतं, जड गाड्यांना चांगलं, पण त्याच्या अटी जास्त आहेत. चालण्यासाठी १०० मिमी, गाड्यांसाठी १५० मिमी जाडी घ्या आणि २८ दिवस थांबा. पृष्ठभागावरची सिमेंटची साय ग्राइंडरने किंवा शॉट ब्लास्टिंगने (यंत्राने बारीक पोलादी छर्रे मारून) काढा. ती राहिली तर रेझिन सायीला चिकटतं आणि सायीसकट सुटतं. मग प्रायमर लावून, तो ओला असतानाच कोरडी वाळू भुरभुरवा. ओलावा तपासायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबायला हवं, कारण रेझिन ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतं. थर फेसाळतो, पांढुरका पडतो आणि ठिसूळ होतो.

काँक्रीटच्या सांध्यांबाबत तडजोड नाही. १५० मिमीच्या स्लॅबला दर ४ मीटरच्या आसपास, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीचा सांधा कापा. तोच सांधा रेझिनच्या थरातही बरोबर त्याच जागी धातूच्या पट्टीने किंवा सीलंट भरून वर आणा. झाकून टाकलेला सांधा पहिल्या ऊन-थंडीच्या फेऱ्यातच वर वेडीवाकडी रेघ काढतो.

साधं काँक्रीट किंवा दाट डांबर पाणी पीत नाही. रेझिनमधून खाली आलेलं पाणी त्यावरून वाहून जायला हवं, म्हणून पायालाच किमान ८० ला १ ढाळ द्या. सखल बाजूच्या कडेला पाणी निघायला भोकं किंवा नाली ठेवा. बंद कडेने घेरलेला पाया म्हणजे भरलेली परात. कडाक्याच्या थंडीत ते पाणी गोठलं की थर उचलला जातो.

जुनं डांबर चालतं, जर ते घट्ट असेल. छिन्नीच्या टोकाने खडी सहज सुटत असेल तर ते काढा. तेलाचे डाग कापून तिथे नवं डांबर भरा. पेव्हर ब्लॉक, फरशा, लाकडी फळ्या आणि नुसती दाबलेली खडी मात्र नाकारा. ब्लॉक सुटे सुटे हलतात, फळ्या लवतात, आणि खडीवर पातळ थर अधांतरीच राहतो.

शेवटी ३ मीटरची सरळ पट्टी पायावर फिरवा. खाली ५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी ती भरा. १५ मिमीच्या थरात ५ मिमीचा खड्डा म्हणजे तिथे एक तृतीयांश माल जास्त, आणि १० चौरस मीटरवर तो ५० लिटर होतो. त्यानंतर बादलीभर पाणी ओता. सच्छिद्र पायावर ते ओतलं तिथेच दिसेनासं व्हायला हवं, दाट पायावर ते न थांबता नालीकडे जायला हवं. जिथे थबकतं तिथे खडूने खूण करा आणि तो भाग दुरुस्त करून, पूर्ण कोरडा झाल्यावरच रेझिन कालवायला घ्या.