लाईट बिल हातात आलं की आधी रीडिंग बघा

सोलापुरात पूर्व भागात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बिलं वाटून झाली की बिड्या वळणाऱ्या बायका दुकानात यायला लागतात. झेरॉक्स एखादीलाच हवी असते, बाकीच्यांना लाईट बिल दाखवायचं असतं. "हे बघ की रे बाबा, एवढं कसं आलंय?"

परवा एका अक्कांनी चार घड्या घातलेलं बिल काउंटरवर ठेवलं. आकडा नेहमीच्या तिप्पट होता. मी रक्कम बाजूला ठेवून आधी चालू रीडिंग आणि मागील रीडिंग बघितलं. मग त्यांना घरी पाठवून आधीची दोन बिलं आणायला लावली. दोन्हींवर रीडिंगच्या जागी ‘लॉक’ छापलेलं होतं. मीटर घराच्या आत, अक्का बिडी द्यायला गेलेल्या आणि दाराला कुलूप. म्हणून दोन महिने साठ-साठ युनिटांचं सरासरी बिल आलं आणि ते त्यांनी भरलंही. तिसऱ्या महिन्यात खरं रीडिंग मिळालं आणि तिन्ही महिन्यांचे २१० युनिट एकदम लागले.

अशा बिलात दोन गोष्टी तपासायच्या. आधी भरलेल्या सरासरी बिलांची वजावट दिलीय का? आणि २१० युनिट तीन महिन्यांत विभागलेत का? विभागले तर महिन्याला सत्तर, म्हणजे सगळे स्वस्त दरात. नाही विभागले तर शंभराच्या वरचे ११० युनिट महाग दरात जातात. अक्कांच्या बिलात वजावटच नव्हती. साध्या कागदावर अर्ज, तिन्ही बिलांच्या झेरॉक्स, मीटरचा फोटो. पोच घेतल्याशिवाय वीज कचेरीच्या खिडकीवरून हलायचं नाही, असं बजावून पाठवलं. दुरुस्त बिल मिळालं.

फोटो काढताना एक लक्षात ठेवा. मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत असतात, तारीख, वेळ, अजून काय काय. ज्याच्या शेजारी ‘kWh’ (केडब्ल्यूएच, म्हणजे युनिट) दिसतं, तेच रीडिंग. त्या क्षणाला फोटो काढा आणि मीटरचा नंबरही त्यात येऊ द्या.

आता शंभरची गोष्ट. शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, असं वस्तीत सगळे सांगतात. ते खरं नाही. पहिले शंभर स्वस्त दरानेच धरतात, एकशे एकाव्यापासून दर दुपटीच्या घरात जातो. त्यामुळे एकशे पाच आले म्हणून झोप उडवू नका, पण दीडशे आले तर घरात फिरून बघा. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो. दोन हजार वॅटची कॉइलची शेगडी अर्ध्या तासात एक युनिट संपवते. गॅस वाचवायला शेगडी लावणाऱ्यांना मी हे हिशेब करून दाखवतो. बहुतेक जणी ऐकत नाहीत.

दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी विजेचा वेगळा, बराच कमी दर आहे. पण पिवळं रेशनकार्ड असलं म्हणून तो आपोआप लागत नाही. मंजूर भार, म्हणजे कनेक्शनला मंजूर झालेली विजेची क्षमता, पाव किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटपर्यंत लागतो, म्हणजे महिन्याला सरासरी तीस. एकटी म्हातारी, दोन दिवे, एक पंखा, अशा घरालाच ते जमतं.

पैसेच नसले तर? बिल तसंच ठेवून देऊ नका. मुदतीच्या आत कचेरीत जाऊन हप्ते मागा, लेखी मागा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा २००३, कलम ५६. बिल चुकीचं वाटत असेल तर त्याच कलमात वाट आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी असेल ते ‘हरकत नोंदवून’ भरायचं. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘कलम ५६’ आणि ‘हरकत नोंदवून’ हे शब्द अर्जात जसेच्या तसे लिहा, खिडकीवरच्या माणसाचा सूर बदलतो. तिथं दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल.

स्वतःचं पक्कं छत असेल तर सोलरचं विचारा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान मिळतं, दोनला ६०,०००. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिट निघतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना यातलं काही नाही, उगाच फॉर्मचे पैसे घालवू नका.

गॅसचं. उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर १४.२ किलोच्या टाकीमागे ३०० रुपये सबसिडी. वर्षाला किती टाक्यांवर, ते बदलत असतं, २०२५-२६ साठी नऊ. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत तीन टाक्यांचे पैसे परत मिळतात, पण कनेक्शन बाईच्याच नावावर हवं. नवऱ्याच्या नावावर असेल तर एजन्सीत जाऊन आधी नाव बदलून घ्या.

"सबसिडी येतच नाही," म्हणणाऱ्या दहाजणींत निम्म्यांची आलेली असते, दुसऱ्याच खात्यात. पैसे आपण पासबुकाची झेरॉक्स दिली त्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटी जे खातं जोडलं त्यात जातात. कधीतरी बचत गटासाठी उघडलेलं, विसरलेलं खातं. आधारच्या वेबसाईटवर ‘बँक सीडिंग’ बघितलं की बँकेचं नाव दिसतं. त्याच अक्कांचं बघितलं तर लेकीच्या लग्नाआधी काढलेलं खातं निघालं. पासबुक कुठंय विचारलं तर म्हणाल्या, "ट्रंकेत असंल," आणि सूप उचलून घराकडे निघाल्या.