सरकारी नोकरीचा अर्ज: निदान या चुका टाळा

भरतीच्या कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर मी बरीच वर्षे बसलो आहे आणि परीक्षेत नापास झालेल्यांपेक्षा अर्जात चुकलेल्यांचेच मला अधिक वाईट वाटत आले आहे. वर्षभर अभ्यासिकेत झटणारी ही मुले अर्ज मात्र शेवटच्या रात्री, सायबर कॅफेत, पाठीमागे रांग लागलेली असताना भरतात.

सर्वांत महागात पडते ती नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे मागास प्रवर्गातले कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची चूक. जातीचा दाखला एकदा काढला की पुन्हा काढावा लागत नाही, म्हणून हेही तसेच असेल असे उमेदवार धरून चालतात. परंतु ते उत्पन्नाशी बांधलेले असल्याने कोणत्या सालच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध आहे हे त्यावरच छापलेले असते, आणि नेमकी तीच ओळ कोणी वाचत नाही. एकदा इतर मागास वर्गातून निवड झालेली एक मुलगी वडिलांसह आली होती. फोल्डरमध्ये सारे कागद अनुक्रमाने लावलेले होते. अर्जाची अंतिम तारीख एप्रिलमधली होती आणि तिचे प्रमाणपत्र त्याआधीच, ३१ मार्चला, संपले होते. तिने जूनमध्ये काढलेले नवे प्रमाणपत्र पुढे केले. जाहिरातीत मात्र अंतिम तारखेला वैध असलेलेच मागितले होते, आणि अर्जात ‘वैध प्रमाणपत्र आहे का’ या प्रश्नापुढे तिने ‘होय’ नोंदवले होते. “साहेब, उत्पन्न तेच आहे, वाढलंय कुठं?” असे वडील म्हणाले. ते खरे होते, पण त्याचा उपयोग नव्हता. खुल्या प्रवर्गासाठी तिचे गुण कमी पडले. तेव्हापासून घरातल्या मुलांना मी एप्रिल उजाडताच ‘आपले सरकार’ या सरकारी संकेतस्थळावर नव्या प्रमाणपत्राचा अर्ज करायला बसवतो. “जाहिरात आल्यावर बघू” म्हणणाऱ्यांनी तेव्हा सेतू केंद्रावरची गर्दीही बघावी.

दुसरी चूक नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’, कुठे दोन. विवाहित उमेदवारांची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचे असते. अर्ज भरताना दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसेच उतरवावे, आणि बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र आधीच हाताशी ठेवावे.

टक्केवारी फुगवू नये. बँक भरतीत ५९.९९ म्हणजे ६० नव्हे, हे जाहिरातीतच लिहिलेले असते. पदवीचा निकाल लागण्याआधी ‘उत्तीर्ण’ लिहू नये. अपत्यांची माहिती भरण्यापूर्वी २८ मार्च २००५ पासूनचा, दोनपेक्षा अधिक अपत्यांबाबतचा लहान कुटुंबाचा नियम वाचावा. कॅफेवाल्याचा ईमेल तर मुळीच देऊ नये. प्रवेशपत्राची सूचना त्याच्याकडे जाते आणि तो ती पाहत नाही.

बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अर्जात इंग्रजी कॅपिटल अक्षरांतील सही चालत नाही, आणि तिथे मागितलेले हस्तलिखित घोषणापत्र उमेदवाराने स्वतःच लिहायचे असते. माझ्या सख्ख्या पुतण्याने, आपले अक्षर वाईट म्हणून, ते बहिणीकडून लिहून घेतले होते. अपलोड करण्यापूर्वी माझी नजर गेली, म्हणून निभावले. मग त्याने त्याच वाईट अक्षरात ते तीन वेळा लिहिले आणि तिसरा कागद आम्ही स्कॅन केला.