पिकअप घेताना गाडी ऊंऽऽऽ करते? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीला नवीनच आजार जडला. सिग्नल सुटला, ॲक्सिलेटर दाबला की बॉनेटमधून ऊंऽऽऽ, पाय जितका दाबाल तितका चढत जाणारा, नवीन लोकल स्टेशन सोडताना मोटर कशी वर वर गाते ना अगदी तसाच. गॅरेजवाल्याने दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. शेवटी निघालं काय, तर आयडलर पुलीचं (इंजिनच्या बेल्टला नुसता आधार देणाऱ्या चाकाचं) बेअरिंग, मुठीत मावेल एवढं.

म्हणून गाडी कुणाच्या ताब्यात द्यायच्या आधी एवढंच शोधा की आवाज इंजिनच्या आरपीएमबरोबर चढतोय की गाडीच्या स्पीडबरोबर. आपल्या ट्रॅफिकमध्ये हे कळत नाही, कारण दिवसभर आपण पहिल्या-दुसऱ्यातच रांगत असतो आणि तिथे आरपीएम आणि स्पीड जोडीनेच चढतात. रविवारी सकाळी सहाला बाहेर पडा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ला आवाज ऐका, मग त्याच ४० ला चौथा टाका. आवाजाची पट्टी खाली आली तर इंजिनकडचा मामला, जशीच्या तशी राहिली तर चाकांकडचा. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढा आणि कुणालातरी हळूहळू २५०० पर्यंत रेस द्यायला सांगा. उभ्या गाडीतही आवाज आला तर चाकं, टायर सगळे संशयातून सुटले. (हे सोसायटीच्या स्टिल्टखाली करू नका, आवाज भिंतींवर घुमून भलतीकडूनच येतोय असं वाटतं, धूर कोंडतो तो वेगळाच.)

चाकांकडचं असेल तर लवकर सांगून टाकतो. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरावर आलात आणि आवाज बदलला तर टायर. वळण उजवीकडे घेताना वाढला तर बहुतेक डाव्या बाजूचं व्हील बेअरिंग, कारण भार त्या बाजूला जातो, आणि डावीकडे वळताना वाढला तर उजवीकडचं. ते लांबणीवर टाकू नका. एखाद्याच गिअरमध्ये येतो, पाय काढला की बदलतो, असं असेल तर गिअरबॉक्स, पण तिथेही आधी ऑइलची लेव्हल बघायला लावा, कमी ऑइलवरही तो रडतो. रिव्हर्सला ऊं ऊं होणं बहुतेक मॅन्युअल गाड्यांत नॉर्मल आहे, रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात म्हणून, उगाच घाबरू नका.

न्यूट्रलमध्ये येणाऱ्या आवाजाला आधी क्लचची परीक्षा. क्लच दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, उलट दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं. क्लचने काहीच फरक पडत नसेल तर बॉनेट उघडा, आता खरी मजा.

समोर जो बेल्ट दिसतो तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत वॉटर पंप आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगचा पंपही फिरवतो. एकेकावर लोड टाका. हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर चालू केल्यावर वाढला तर संशय अल्टरनेटरवर. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर कण्हला तर ऑइलवाल्या स्टीअरिंगचा पंप, डबीतलं ऑइल बघा. इलेक्ट्रिक स्टीअरिंगला हा पंपच नसतो. एसी बंद केल्यावर थांबला तर कॉम्प्रेसर, पण इथे एक गोम आहे: एसी बंद असला तरी त्याची पुली फिरतच असते, त्यामुळे पुलीचं बेअरिंग गेलं असेल तर बटण दाबून काही कळत नाही. डिझेलवाल्यांनो, टर्बोची हलकी शिट्टी चालते, पण ती अचानक सायरनसारखी झाली, पिकअप पडला, काळा धूर निघाला तर टर्बोचा होस फाटला का बघा.

यातून नाही उमगलं तर बेल्ट काढून बघणं सगळ्यात खात्रीचं. इंजिन गार, चावी खिशात. आधी बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा फोटो काढा (मी नाही काढला, पाऊण तास गेला), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पान्याने ढकला, बेल्ट उतरवा. हात, पाने बाजूला घेऊन इंजिन दहा-पंधरा सेकंदच चालू करा. आवाज गायब म्हणजे चोर या पुल्यांमध्येच. टायमिंग बेल्टला मात्र हात लावायचा नाही, तो कव्हरच्या आत असतो.

मग एकेक पुली बोटाने फिरवा. चांगली पुली गुपचूप फिरते आणि थांबते. माझी आयडलर हातात खरखर करत होती, डब्यात वाळू हलवल्यासारखी, आणि सील उचकटलं तर आत ग्रीसच्या जागी तांबडं पाणी. दोनदा गुडघाभर पाण्यातून गाडी काढली होती, त्याचा हा प्रसाद.

पुली अख्खी मिळते, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा. बेअरिंग दाबून काढता येण्यासारखं असेल तर त्यावर ६२०३ सारखा नंबर कोरलेला असतो, तो घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा, पण दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा आणि डुप्लिकेटपासून सांभाळा. बेल्टच्या धारा झिजल्या असतील किंवा त्यावर ऑइल गळलं असेल तर बेल्टही बदलाच. त्यावर स्प्रे मारून आवाज दाबायचा प्रकार करू नका, बेल्ट घसरायला लागतो.

बसवताना बेल्टच्या धारा प्रत्येक पुलीच्या खाचेत नीट बसल्यात का ते बोट फिरवून बघा, एक धार जरी बाहेर राहिली तरी बेल्ट कडेने कातरत जातो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पुन्हा एकदा टॉर्च मारून बघा.