उपग्रह जोडणी संथ वाटते? दुरुस्तीपूर्वी या चुका टाळा

उपग्रहामार्गे पाठवलेला संदेश लातूरहून नांदेडला लवकर आणि दिल्लीला उशिरा पोहोचतो, ही समजूत आपल्याकडे फार आढळते आणि बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या तिच्यातूनच सुरू होतात. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. 74 किंवा 83 अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहापर्यंत लातूरच्या छत्रीपासूनचे (डिश अँटेनापासूनचे) तिरपे अंतर सुमारे 36,200 किलोमीटर भरते, तर दिल्लीहून ते 36,700 च्या आसपास जाते. सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या लहरीला या फरकासाठी दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. त्यामुळे नांदेड असो वा दिल्ली, वर जाऊन खाली येण्यास साधारण 240 मिलिसेकंद लागतात आणि दोन शहरांमधील रस्त्याचे अंतर या हिशेबात धरायचेच नसते.

दुसरी चूक पिंगचा, म्हणजे छोटा चाचणी संदेश पाठवून उत्तर येण्यास लागणाऱ्या वेळेचा, आकडा वाचताना होते. पिंगमध्ये जाणे आणि उत्तर परत येणे असे दोन्ही प्रवास मोजले जात असल्याने किमान 480 मिलिसेकंद लागणारच. त्यावर यंत्रांचा वेळ धरता 600 च्या आसपास स्थिर राहणारा आकडा हा बिघाड नव्हे. दोन गावांतील छत्र्या उपग्रह सेवेच्या मुख्य केंद्रामार्फतच बोलत असतील, तर प्रत्येक वाक्य दोनदा वर जाऊन खाली येते आणि उत्तर ऐकू येईपर्यंत जवळजवळ एक सेकंद जातो. अशा वेळी थांबून बोलावे, छत्रीला हात लावू नये.

छत्री फिरवणे ही तर सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण नेमकी दिशा एकदा हलली की ती पुन्हा साधेपर्यंत गावातले बँक सेवा केंद्र बंद राहते आणि अंगठा लावून पैसे काढण्यास आलेली वयस्कर माणसे उन्हात ताटकळतात. पावसाने लहरीचा प्रवास लांबत नाही. संकेत क्षीण होतो, माहितीचे तुकडे गळतात आणि ते पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून पिंग सलग काही मिनिटे पाहावा. आकडा मोठा पण स्थिर असेल तर कारण अंतराचे आहे. तो सतत उड्या मारत असेल किंवा उत्तरे गळत असतील, तर केबलच्या जोडात पाणी शिरले आहे का, आणि जोडणीवर गर्दी आहे का, हे तपासावे.

जास्त एमबीपीएसचा (सेकंदाला जास्त माहिती नेणारा) प्लॅन घेऊनही हा उशीर घटत नाही. पोचपावतीची वाट न पाहता एका वेळी 64 केबीच पाठवणाऱ्या जुन्या प्रणालीला अर्ध्या सेकंदाच्या फेरीत सुमारे एक एमबीपीएसच वेग मिळतो, मग प्लॅन कितीही मोठा असो. व्यवहार मध्येच तुटत असेल, तर सॉफ्टवेअरची प्रतीक्षेची मुदत वाढवून घ्यावी.

सुमारे 550 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांना हे आकडे लागू होत नाहीत. तिथे उपग्रह डोक्यावर असताना वर जाण्यास दोन मिलिसेकंदही पुरतात.