घरात सगळ्यांचंच पोट सुटत चाललंय? आधी आठवडाभर हे लिहून काढा

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरचे २०-२५ वर्षांपूर्वीचे चवथीचे, म्हणजे गणपतीचे, फोटो काढून बघितले आणि शेजारी आत्ताचे ठेवले की लगेच दिसतं, एखाददुसरा नाही, सगळेच रुंद झालेत. तरी घरात बोलणी बसतात ती एकाच माणसाला, बहुतेक आईला नाहीतर वयात आलेल्या मुलीला, तोंडावर ताबा नाही म्हणून. मला हे फार लागतं. अख्ख्या वाड्याचा ताबा एकदम कसा सुटेल? आजूबाजूलाच काहीतरी बदललंय ना. ते काय हे शोधायची पद्धत, आमच्या घरी केलेली, तशीच सांगतो.

आधी माप घ्या. वजनकाटा राहू दे, शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बायकांचं ८० सेंमी आणि पुरुषांचं ९० सेंमी, याच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) सुद्धा आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जास्त धरतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि एका ब्रिटिश डॉक्टरची तुलना छापली होती, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण त्या डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणून 'तो तर बारीक आहे' म्हणून कुणाला वगळू नका, गोव्यात तर नकोच, कारण २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे आकडे आले त्यात डायबिटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, आणि देशाचं ११.४.

आता एक वही करा. कोण किती खातो हे लिहायचं नाही, त्याने भांडणं होतात. घरात काय येतं ते लिहा. तेलाच्या पिशव्या किती, साखर किती किलो, पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ किती पाव टाकून जातो, बिस्किटांचे आणि फरसाणाचे पुडे किती, थंड्याच्या बाटल्या किती. महिन्याचं तेल भागिले माणसं. चार माणसांत पाच लिटर म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ ३८ ग्रॅम, आणि बैठं काम असेल तर २५-३० च्या आसपास पुरे. नारळ यात धरलेलाच नाही, आणि आपल्याकडे नारळ काय कमी असतो का. थंड्याच्या ३०० मिलीच्या बाटलीत साखर साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे, ते चहात घालायला सांगितलं तर कोणी घालणार नाही.

शीत-कडीला, म्हणजे भात आणि माशांच्या कालवणाला, उगाच दोष देऊ नका हं. उकड्या तांदळाची पेज, तांबडी भाजी, कडीतला बांगडा हे जेवण चांगलंच होतं, त्याच्यावर शेतात नाहीतर मानशीवर (खाडीच्या बांधाच्या दारावर) दिवसभर काम व्हायचं. बिघडलं ते असं की काम गेलं, शीत तेवढंच राहिलं, आणि कडीतली मासळी रोज रवा लावून तव्यावर गेली, वर चार वाजता भजी-पाव आला. पुडक्यातल्या खाण्याचं तर वेगळंच, अमेरिकेत २०१९ मध्ये २० माणसांना दोन आठवडे तसलं आणि दोन आठवडे साधं जेवण देऊन बघितलं, हवं तेवढं खा म्हणून, तर पुडक्यातल्या जेवणावर माणूस रोज ५०० कॅलरी जास्त खात होता. मुद्दाम नाही, आपोआप. इथे ताबा-बिबा कुठे आला?

पोई, म्हणजे आपला कोंड्याचा पाव, घेताना मोडून बघा, वर कोंडा आणि आत पांढरा मैदा असं नको.

वहीच्या मागच्या बाजूला पायी कुठे कुठे गेलात ते लिहा. आमच्या घरी आठवड्यात देवळापर्यंत दोनदा, बस्स. दुकानापर्यंत पण स्कूटर, कारण रस्त्याला फूटपाथ नाही, संध्याकाळी खांबावरची लाईट नाही, कुत्रे मागे लागतात, आणि बायकांना अंधारात बाहेर पडायची भीती वाटते ते वेगळंच. मुलांचं मैदान म्हणजे पार्किंग झालंय. आठवड्याला १५० मिनिटं चालायला पाहिजे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, पण चालणार कुठे हा खरा प्रश्न, तो वहीत लिहाच. झोप किती तेही लिहा, हॉटेलात-रिसॉर्टमध्ये शिफ्ट करणारी मुलं असतील तर नक्कीच, झोप तुटली की भूक वाढते.

आणि कुणाबरोबर खाता ते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या १२,०६७ लोकांची ३२ वर्षांची माहिती २००७ मध्ये छापून आली, त्यात मित्र लठ्ठ झाला की आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणून एकट्या आईला उकडलेलं आणि बाकीच्यांना तळलेलं असं करू नका, ते टिकत नाही आणि तिला वाईट वाटतं. आम्ही सगळ्यांसाठी एकच बदल केला, तळणाचे दिवस आठवड्यातून दोन, आणि थंडं घरात आणायचंच नाही, पाहुणे आले तर सोलकढी. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) बंद केल्या नाहीत, त्या बंद करू पण नका. दिवाळी-चवथ मिळून थोडेच दिवस, बाकीचे दिवस सांभाळा.

महिन्याने परत टेप लावा. कंबर मर्यादेच्या वर असेल तर रक्तातली साखर आणि बीपी तपासून घ्या, आणि जास्त न खाता पण वजन वाढत असेल तर डॉक्टरला थायरॉईडबद्दल आणि चालू असलेल्या गोळ्यांबद्दल विचारा.

मागचं पान मात्र घरात ठेवू नका, ग्रामसभेला घेऊन जा. लाईट नाही एवढंच बोललात तर 'बघूया' म्हणतात, म्हणून कुठला खांब, त्याच्यावरचा नंबर, किती दिवस बंद, आणि त्या रस्त्याने कोण कोण चालायला जाऊ शकेल त्यांच्या सह्या, असं लिहून न्या.