जाड भिंगवाल्यांनी मोतीबिंदू काढण्याआधी

मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साजाची पानं घडवणारा. शाळेपासून जाड काचा, पुढं दोन्ही डोळ्यांना उणे बारा. आमच्यासारख्याला मोतीबिंदू झाला की गल्लीतले सांगतात, "काढून टाका, चष्माच जातोय." जातोय खरा, पण कुठला, ते आधी आपण ठरवायचं असतं.

उणे बारा म्हणजे चष्मा काढला की डोळ्यापासून साधारण ८ सेंटिमीटरवर सगळं लख्ख. तारेचा बारीक सांधा आम्ही चष्मा कपाळावर सारूनच बघतो. ऑपरेशनात डोळ्यातली मूळची लेन्स जाऊन कृत्रिम येते आणि ही सोय कायमची संपते. साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतराला नेमकी असते. दूरचं ठेवलं तर रंकाळ्याचा पलीकडचा काठ बिनचष्म्याचा दिसेल, पण पोथी आणि मोबाईलला चष्मा लागेल. मुद्दाम उणे अडीच शिल्लक ठेवलं तर ४० सेंटिमीटरवर वाचता येतं, मग गाडीवर बसताना चष्मा. मी उणे अडीच मागून घेतलं.

तेव्हा तपासणीला जायच्या आधी रोजच्या जागी बसा आणि घरच्या कुणाला तरी टेप लावून डोळ्यापासून हातातल्या कामापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. तो आकडा डॉक्टरांना द्या. एकाहून जास्त अंतरांना चालणाऱ्या मल्टिफोकल लेन्सनं रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) कमजोर असेल तर डॉक्टरच नको म्हणतात. बारीक कामवाल्यानं त्या फंदात पडूच नये, असं आपलं माझं मत.

जास्त उणे नंबरचा डोळा लांबट असतो, त्यामुळं लेन्सचा हिशेब चुकायला वाव जास्त. जुने नंबरचे कागद घेऊन जा, कारण मोतीबिंदूनंही नंबर वाढलेला असतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर मोजणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्याच. तो पातळ झालेला असतो, आणि सुटण्याचा धोका आपल्याला इतरांपेक्षा अधिक. गोळ्यांची पिशवी सोबत ठेवा. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर ते सांगायला लाजू नका. तिनं ऑपरेशनात बुबुळ ढिलं पडतं.

ऑपरेशनाचं फार काही सांगण्यासारखं नाही. थेंबांनी डोळा बधिर, बारीक छेद, बहुतेक वेळा टाकाही नाही.

खरी कटकट दोन ऑपरेशनांच्या मधे. एक डोळा नवा, दुसरा उणे बारा. जुन्या चष्म्याची एक काच काढून चालत नाही. दोन्हीकडची चित्रं लहानमोठी दिसतात आणि जिन्यात पाय चुकतो. दुसऱ्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स चालेल का, दुसरं ऑपरेशन किती लवकर होईल, हे पहिल्याच्या आधी विचारून ठेवा.

थेंब घालताना हात धुवा, खालची पापणी ओढा, बाटलीचं टोक लागू देऊ नका. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. बरं वाटलं म्हणून थेंब मनानं बंद करू नका. भट्टीचा धूर, डोक्यावरून अंघोळ, चैत्रातला जोतिबाचा गुलाल, सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत लांब. नव्या चष्म्याचा नंबरही डोळा स्थिरावल्यावरच काढायचा, साधारण महिन्यानं.

डोळा दुखून लाल झाला, नजर उतरली, विजेसारखे झगमगाट दिसले, काळे ठिपके अचानक वाढले किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच डॉक्टरांना फोन करा आणि निघा. तो फोन नंबर घरच्यांच्याही मोबाईलमध्ये घालून ठेवा. त्या वेळी तुम्हाला तो वाचता येईलच असं नाही.